वाणातले दोन पंप

परब मेस्त्री गाड्यांचे पार्ट नाकाने पारखायचे. नवा पार्ट आला की आधी डबा फाडून कचऱ्यात. डब्यावर कितीही चकचकीत स्टिकर असो, मेस्त्री त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. मग पार्ट तळहातावर घेऊन डोळे मिटायचे, दोनदा वरखाली करून वजनाचा अंदाज घ्यायचे आणि शेवटी नाकापाशी नेऊन वास घ्यायचे. बाजारात बांगडा घेताना माणसं कल्ला उघडून बघतात ना, तितक्याच गंभीरपणे. पसंत पडला तर नुसतं "हूं." नाही पडला तर आणणाऱ्याची धडगत नसे. "रबर खरा असला काय त्येका एक वास येता. ह्येका चपलेचो वास येता. पायात घालून जा घराक."

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणातून. आमचा मंडप डेकोरेशनचा धंदा, एकच चौदा फुटी ट्रक. वडिलांचे गुडघे गेले आणि खुर्च्या, सतरंज्या, बांबू यांच्याबरोबर तो ट्रकही माझ्या गळ्यात पडला. घाटकोपरला असल्फाच्या एका गल्लीत मेस्त्रींचं गॅरेज होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "गाडी कोणाची?" मी म्हटलं, माझी. "चलवता कोण?" म्हटलं, ड्रायव्हर. "मगे बिघडवता कोण?" माझं डोकं आधीच तापलेलं होतं. म्हटलं, "तुमच्यासारखे मेस्त्री." मग मेस्त्री इतके हसले की त्यांची तेलकट टोपी खाली पडली. त्या दिवसापासून मी त्यांची "बाय" झाले आणि माझ्यासाठी चहा न विचारता येऊ लागला.

मेस्त्री कुडाळकडचे. वडिलांची गिरणीतली नोकरी गेल्यावर घर चालवायला म्हणून पंधराव्या वर्षी हातात पाना घेतला तो कायमचा. मुंबईत पन्नास वर्षं काढली, पण जीभ काही कुडाळ सोडून आली नाही. गिऱ्हाईक गुजराती असो की यूपीचा, मेस्त्री मालवणीतच बोलायचे आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांना कळायचं. त्यांचा एकच अहंकार होता आणि तो ते दिवसातून चारदा बोलून दाखवायचे: "माझ्या हातची गाडी रस्त्यात उभी रवणा नाय." खरोखर राहत नसे. काम कसलंही असो, अगदी नुसता पट्टा बदलला असला तरी, ट्रायल झाल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात मिळायची नाही. ट्रायल म्हणजे मेस्त्री स्वतः स्टिअरिंगवर, मालक शेजारी, आणि पवईचा चढ चढून परत. वाटेत रेडिओ बंद, फोन बंद, बोलणं बंद. मी एकदा सहज काहीतरी विचारलं तर म्हणाले, "गप रव, बाय. गाडी बोलता हा. आपण बोललांव तर तिचा आयकाक येवचा नाय."

त्या वर्षी अधिक श्रावण होता. आमच्या धंद्यात असा महिना म्हणजे सक्तीची सुट्टी. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, खुर्च्या गोदामात एकमेकींवर चढून बसलेल्या. गणपतीच्या मंडपांची कामं सुरू व्हायच्या आत गाडी ठणठणीत करून घ्यावी म्हणून मी ती मेस्त्रींकडे आणली. निदान तिथल्या तिथे झालं. फीड पंप गेला होता. हा पंप म्हणजे मुठीएवढी वस्तू. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनापर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम. पण त्याने कुठे बारीकशी हवा आत घेतली की इंजिनाला डिझेलऐवजी बुडबुडे मिळतात आणि गाडी जागच्या जागी बसते. मग खाली उतरून, एक बोल्ट सैल करून, पंपाचं बटण हाताने दाबत राहायचं, बुडबुडे संपून निव्वळ डिझेल येईपर्यंत. याला एअर काढणं म्हणतात. आमची गाडी जुनी, दोन दिवस शोधूनही कंपनीचा पंप मिळेना. "दीड महिनो लागतलो," मेस्त्री म्हणाले आणि मी कपाळाला हात लावला.

नेमके त्याच वेळी नितीनराव गॅरेजात अवतरले.

नितीन म्हणजे मेस्त्रींचा जावई. एकुलत्या एक प्राचीचा नवरा. आदल्याच वर्षी लग्न झालेलं, म्हणजे हा त्याचा सासरचा पहिला अधिक महिना. मुलगा लाघवी, बोलका, नोकरी सोडून मरोळला स्पेअर पार्टचं दुकान टाकलेला. आता अधिक महिन्यात जावयाचा काय थाट असतो ते मला आधी ठाऊक नव्हतं. आम्ही बौद्ध, आमच्या घरात तो महिना इतर महिन्यांसारखाच येतो आणि जातो. पण मेस्त्रींच्या बायकोने, परब काकींनी, मला सगळं समजावून सांगितलं होतं. या महिन्यात जावई साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, धोंडे करून घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. आणि काकींचा स्वतःचा एक जादा नियम होता: जावयाने दिलेली वस्तू या महिन्यात त्याच्या हातात परत करायची नाही. जावयाच्या हाती जे द्यायचं ते वाणाच्या ताटातूनच.

नितीनने पिशवीतून डबा काढला. सोनेरी अक्षरं, त्यावर चमचमणारं स्टिकर. "मामा, आत्ताच प्राची म्हणाली तुम्हाला फीड पंप पाहिजे. हा घ्या. ओरिजिनलच्या तोडीस तोड आहे."

"तोडीस तोड" हे शब्द ऐकून मी मेस्त्रींकडे बघितलं. दुसरा कुणी असता तर पंपासकट रस्त्यावर गेला असता. मेस्त्रींनी डबा उघडला. फाडला नाही, उघडला. पंप तळहातावर घेतला, डोळे मिटले, वजन पाहिलं. मग नाकाशी नेला. त्यांचं नाक जरासं आक्रसलं. आणि मग माझ्या देखत, पन्नास वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं. मेस्त्री शुद्ध मराठीत म्हणाले, "वा. फारच छान आहे. आपण चहा घेणार ना, जावईबापू?" रिकामा डबा त्यांनी फळीवर नीट ठेवून दिला.

नितीन गेल्यावर मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. "काय वास आला, मेस्त्री?"

"सर्दी झाली हा माका," मेस्त्री म्हणाले आणि गाडीखाली गेले.

आठव्या दिवशी पुढच्या मंडपांसाठी बांबू आणायला निघालेली गाडी घाटकोपर डेपोसमोर बसली. मेस्त्री आले, एअर काढली, गाडी चालू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. कोणत्याही शहाण्या माणसाने पंप काढून जावयाच्या दुकानात नेऊन दिला असता आणि वॉरंटीत बदलून घेतला असता. पण परत द्यायचा तर काकींचा नियम मोडायचा, आणि माल खोटा आहे असं नारायणाच्या तोंडावर सांगायचं. तेव्हा मेस्त्रींनी शक्कल लढवली. खराब पंप कागदात गुंडाळून भांडुपला घरी नेला आणि देव्हाऱ्याच्या फळीखाली लपवला. मग नितीनला फोन केला, "आणखी एका गिऱ्हाइकाला पाहिजे आहे हो तसाच पंप," आणि दुसरा आणून माझ्या गाडीला बसवला.

दुसरा दहा दिवस टिकला. तोही फळीखाली गेला. तिसरा आला.

इकडे माझी वाट लागली होती. ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, "ताई, ही गाडी आहे की म्हातारी? शंभर पावलं चालते आणि बसते." मेस्त्रींनी मला एअर काढायला शिकवलं, ते जणू काही मोठी विद्या देतोय अशा थाटात. त्यामुळे एका दुपारी विक्रोळीच्या सिग्नलवर मी पंजाबी ड्रेस घालून ट्रकच्या चाकाशी अर्धी आत शिरून ते बटण दाबत बसले होते आणि मागचा बसवाला हॉर्न वाजवून मला प्रोत्साहन देत होता. हात कोपरापर्यंत डिझेलने माखले. तशीच गॅरेजात गेले.

"मेस्त्री, आता पुरे. मी जाते मरोळला आणि सांगते तुमच्या जावयाला."

मेस्त्री बाकड्यावर बसले होते ते उठले. हात जोडले. मला एकदम कसंतरी झालं. "तसा करू नको, बाय. अधिक म्हयनो सरांदे. मगे मी सवता सांगतलंय."

"पण लपवलंत कशाला? साधी गोष्ट होती."

"साधी नव्हती गो. त्येच्या घरचे म्हणतत, चांगली नोकरी सोडल्यान आणि ह्या काय काढल्यान. रोज आयकवतत. प्राचीकव आयकवतत. आता सासऱ्यानव म्हणाचा, तुझो माल खोटो? मगे तेणी बघूचा कोणाकडे?"

मी मरोळचा बेत सोडला. पण खरी गंमत पुढेच होती. नितीन आठवड्यातून दोनदा मिठाई घेऊन गॅरेजात यायचा. "मामा, तुमचा पायगुण म्हणायचा! एकाच महिन्यात तीन फीड पंप गेले. दुकानात एवढं काहीच खपत नाही. मी आणखी पन्नास मागवतोय." मेस्त्रींच्या हातातला पेढा हातातच राहिला. तिन्ही गिऱ्हाइकं म्हणजे मीच आहे हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. खोटेपणा लपवायला गेले आणि स्वतःच त्याची जाहिरात करून बसले, अशी मेस्त्रींची गत झाली. त्यांनी कसंबसं विचारलं, "पन्नास म्हणजे... जरा जास्त नाही होणार का?" नितीन म्हणाला, "रविवारी जेवायला येतोय ना, सोमवारी ऑर्डर टाकतो."

त्या रविवारी धोंड्याचं जेवण होतं. शनिवारी मेस्त्रींचा मला फोन आला: गाडी गॅरेजातच हा, सकाळी ये, मरोळला जाऊ, ट्रायल करू, येताना जावयाक आणि प्राचीक घेवन येऊ, आणि तू पण जेवाक ये. मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे म्हाताऱ्याने डाव टाकला. ट्रकातून जावई! पवईचा चढ! मला इतका आनंद झाला की मी इस्त्रीची साडी नेसले.

मेस्त्री स्टिअरिंगवर, शेजारी मी, मग प्राची, आणि खिडकीशी नितीन, असे चौघं केबिनमध्ये दाटीवाटीने बसलो. नितीनने मोतिया रंगाचा नवा कोरा कुडता घातला होता. प्राची हिरव्या रेशमी साडीत. नियमाप्रमाणे रेडिओ बंद. पण नितीन कुठला गप्प बसायला! "मामा, आवाज बघा कसा आलाय. पंप चांगला असला की इंजिन खूश असतं." मेस्त्री समोर बघत होते. कपाळावर घाम होता. बाहेर रिमझिम चालू होती, हवा गार होती, तरी घाम होता. मी तो पाहिला आणि मनातल्या मनात हसले.

चढ अर्धा झाला आणि गाडीने दोन आचके दिले. मग बंद.

"मामा, तुम्ही बसा," नितीन म्हणाला आणि उतरला. पंप विकणारा माणूस तो, त्याने आपण होऊन उतरावं हे योग्यच होतं. पण विकणं वेगळं आणि चाकाशी वाकून तो शोधणं वेगळं. दोन मिनिटं तो इंजिनाकडे नुसता बघत राहिला. शेवटी प्राची म्हणाली, "सरक रे जरा." तिने पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या, मेस्त्रींच्या सीटखालचा पाना काढला आणि बोल्ट सैल केला. ती गॅरेजात वाढलेली मुलगी. तिच्या अंगठ्याला बटण डोळे मिटून सापडलं. "तू तिथे समोर उभा राहू नको," असं ती म्हणेपर्यंत डिझेलची चिळकांडी नितीनच्या मोतिया कुडत्यावर उडाली होती.

गाडी चालू झाली. तीनशे पावलांवर पुन्हा बंद. पुन्हा प्राची उतरली. मागच्या रिक्षावाल्याने बाजूने जाताना विचारलं, "लग्नाची वरात आहे काय?" तिसऱ्यांदा गाडी बसली तेव्हा कुणीच उतरलं नाही. केबिनमध्ये डिझेलचा वास भरला होता. नितीन कुडत्यावरचा डाग बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, "मामा, हा पंप कितवा?"

मेस्त्रींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. प्राचीने माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी आई नेहमी म्हणते. मी म्हटलं, "तिसरा."

"म्हणजे ती तीन गिऱ्हाइकं..."

"मीच."

"आणि आधीचे दोन पंप?"

"देव्हाऱ्याखाली," मेस्त्री इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मला वाटलं प्राचीच बोलली.

प्राचीने तिसऱ्यांदा एअर काढली. पुढच्या रस्त्यावर गाडी आणखी दोनदा बसली. त्या दोन्ही वेळा नितीन उतरला आणि प्राचीकडून शिकून त्याने स्वतः एअर काढली. कुणी एक अक्षर बोललं नाही. मेस्त्रींना हवी असायची तशी ट्रायल अखेर झाली, फक्त गाडीने बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. भांडुपला पोचायला तीन वाजले. काकी दारात उभ्या. जावयाचा अवतार बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

जेवण झालं. धोंडे झाले. पुरण, तूप, सगळं यथासांग. नितीन मान खाली घालून जेवत होता आणि मेस्त्री त्याच्या पानाकडे बघत होते. त्यांनी स्वतः घासही गिळलेला मला दिसला नाही. मग काकींनी वाणाचं ताट आणलं. चांदीचं निरांजन, तेहतीस अनारसे, वर जाळीचं झाकण. नितीन पाटावर बसला आणि म्हणाला, "मामी, एक मागू?"

काकी म्हणाल्या, "मागा ना."

"ते दोन पंप पण ताटात ठेवा."

काकींना काही कळेना. त्यांनी मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री उठले, देव्हाऱ्यापाशी वाकले आणि कागदात गुंडाळलेली दोन पुडकी आणून अनारशांच्या शेजारी ठेवली. काकींनी काय करावं? प्रत्येक पुडक्याला हळदीकुंकू लावलं. दोन डुप्लिकेट फीड पंप निरांजनाच्या उजेडात ओवाळले गेले आणि नारायणाने ते दोन्ही हातांनी स्वीकारले. मला हसू आवरेना. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत पळाले, तर तिथे प्राची ओट्याला टेकून हसत होती आणि रडतही होती. एकाच वेळी दोन्ही कसं जमतं ते मी तेव्हा पाहिलं.

सोमवारी पन्नास पंपांची ऑर्डर गेली नाही. नितीनने दुकानातले जुने खोके बाहेर काढले आणि ज्याच्याकडून घेतले त्याच्या दारात नेऊन टाकले. त्याच्याशी चांगलीच बाचाबाची झाली म्हणे. त्यानंतर काही महिने दुकानाचं कठीण गेलं. फळ्या अर्ध्या रिकाम्या. पण दर शनिवारी मेस्त्री गॅरेज लवकर बंद करून मरोळला जायचे. काउंटरच्या मागे स्टुलावर बसायचे आणि आलेल्या मालाचा एकेक डबा फाडून वास घ्यायचे. नितीन समोर उभा. "हूं" आलं की फळीवर, नाही आलं की परत. एकदा मी तिथे असताना नितीननेही एक पार्ट हुंगून बघितला आणि विचारलं, "मामा, हा ठीक ना?" मेस्त्री म्हणाले, "तुझा नाक चांगला हा, पण घाई करता." तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते आता जावयाशी मालवणीत बोलत होते आणि चक्क अरेतुरे करत होते.

ट्रकातल्या जावयाची गोष्ट मात्र असल्फाभर झाली. त्याला मुख्यतः मी जबाबदार. सासऱ्याने चकार शब्द न बोलता जावयाला पवईच्या चढावर कसं सरळ केलं, हे मी मंडपवाल्यांना, ड्रायव्हरांना, भाचरांना रंगवून रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसायचे. मेस्त्री हुशार, मेस्त्री पक्के, असं सगळे म्हणायचे.

दोन वर्षांनी मेस्त्रींना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी धूर आणि डिझेल बंद करायला सांगितलं. गॅरेज विकायचं ठरलं, ते आणि काकी कुडाळला जायचे होते. शेवटच्या दिवशी मी गाडी घेऊन गेले. काम काहीच नव्हतं, उगाच. मेस्त्री बाकड्यावर बसून पाने पुसून एका गोणीत भरत होते. मी हसत म्हटलं, "काही म्हणा मेस्त्री, पण जावयाला शिकवलात तो धडा! त्याला मुद्दाम चढावर नेलंत. असं डोकं पाहिजे."

मेस्त्रींनी पाना खाली ठेवला. ते माझ्यावर रागावलेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

"बाय, तुका काय वाटता? मी मुद्दाम नेलंय?"

"मग?"

"तो म्हणालो, मामा, त्याच गाडीतसून येतंय, माझो पंप कसो चलता ता बघतंय. मी नाय कसा म्हणतलंय? शनवारी दिवसभर मी त्या पंपार बसललंय. तीन सील बदललंय. टाकी गळ्यापर्यंत भरलंय, डिझेल गाळून घातलंय. काय्येक करूचा ठेवूक नाय." त्यांना धाप लागली. "आणि चढ इलो तेव्हा मी देवाक सांगी होतंय. म्हटलंय, पन्नास वर्सां मी डुप्लिकेटाक शिये घातलंय. आज एकदाच माका खोटो पाड. ह्यो पंप चलांदे. माझा चेडू, प्राची, गाडीत बसला हा, त्येच्या तोंडाकडे बघवना नाय माका."

केबिनमधला तो घाम मला आठवला. मी त्याला हसले होते. त्यानंतर दोन वर्षं मी सगळ्या गावाला हसवलं होतं. मला माझीच लाज वाटली आणि मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

"असूंदे गो," मेस्त्री म्हणाले, आता आवाज खाली आला होता. "पण नितीनाक ह्या सांगू नको. त्येका वाटता सासऱ्यान धडो शिकवल्यान. त्या धड्यार तो दुकान चलवता हा. सासरो त्येच्यासाठी देवाचे पाय धरून बसललो ह्या कळला तर त्येच्या जीवाक लागात. त्येका माका पक्को समजांदे."

गेल्या हिवाळ्यात कुडाळला मेस्त्री वारले. झोपेतच, फार त्रास न होता. तेराव्यानंतर नितीन आणि प्राची परत आले तेव्हा मी मरोळला भेटायला गेले. दुकान आता भरलेलं असतं. चार-पाच ड्रायव्हर, दोन मेस्त्री, सगळे मेस्त्रींच्या ओळखीचे, काउंटरला टेकून उभे होते. डोकं भादरलेला नितीन त्यांना तीच गोष्ट सांगत होता. कुडता, चिळकांडी, रिक्षावाला, अनारसे. स्वतःची फजिती तो माझ्यापेक्षा चांगली सांगतो. सांगता सांगता त्याचा आवाज दोनदा चिरकला, तरी त्याने सगळ्यांना हसवलं. "एक शब्द बोलले नाहीत," तो म्हणाला. "नुसती गाडी चालवली. असा सासरा मिळायला नशीब लागतं, बॉस."

मग त्याने माझ्याकडे वळून बघितलं. डोळे लाल होते.

"तुम्ही होतात ना ताई त्या दिवशी. खरं ना? मामांना सगळं आधीच माहीत होतं ना?"

"हो रे," मी म्हटलं. "सगळं माहीत होतं."